पडलेलं जंगल आणि आठवणीचा पुरावा

मागच्या व्याख्यानात एक प्रश्न आपण अर्धवट सोडला होता. आठवणीला ज्ञानाचं साधन, म्हणजे प्रमाण, मानायचं का? न्यायदर्शन नाही म्हणतं. अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' ज्ञानाचे दोन भाग पाडतो, स्मृती आणि अनुभव, आणि यथार्थ अनुभवालाच 'प्रमा' म्हणतो. आठवण नवं काही सांगत नाही, आधी झालेल्या अनुभवाचा संस्कार तेवढा जागा करते, म्हणून ती बाहेर. तीस वर्षं आम्ही हे वर्गात शिकवलं आणि त्यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही. मग एक जंगल पडलं.

जंगल फणसाडचं. रायगड जिल्ह्यात रोहा-मुरूड रस्त्यावर सुपेगाव लागतं, तिथून अभयारण्यात पायवाट जाते. आम्ही चार-पाच शिक्षक मंडळी १९९०च्या दशकापासून बहुतेक हिवाळ्यांत ती वाट चालत आलो. जंगल जुनं, पण 'माणसाचा हात न लागलेलं' असं काही नव्हे बरं का. जंजिऱ्याच्या नवाबांचं ते शिकारीचं राखीव रान. त्यांना जनावरं मारायची होती म्हणून झाडं वाचली! अभयारण्य झालं ते १९८६ साली.

वाट कशी होती ते सांगतो. ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ, खाली अंजनीची दाटी. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी तडकलेली. फाटकापासून थोडं आत गेलं की ऊन मागे राहायचं, आणि पाणवठ्यापाशी पोहोचेपर्यंत टोपीची गरज पडायची नाही. तिथे पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. वरून अर्धवट कुरतडलेलं फळ डोक्यावर पडलं की समजायचं, शेकरू आहे. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे गारंबीची वेल. वेल म्हणायला जीभ धजत नाही. माणसाच्या मांडीएवढी जाड, दोरासारखा पीळ घातलेली, या झाडावरून त्या झाडावर गेलेली. तिची शेंग उभी धरली तर कमरेला लागते.

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. फणसाड त्याच्या तोंडीच होतं. तेव्हा टाळेबंदी, आम्ही घरात बसून बातम्या पाहत होतो. जायला मिळालं ते २०२१च्या जानेवारीत.

फाटकातून शंभर पावलं गेलो आणि थांबलो. वाट ओळखेचना. डोक्यावर नुसतं आभाळ. कातळावर मातीचा थर पातळ असला की मुळं खोल न जाता आडवी पसरतात. झाड कोसळताना मुळांसकट मातीची भिंतच उभी राहते. अशा भिंती जागोजागी होत्या. आणि ज्या गारंबीचं आम्ही इतकं कौतुक करत आलो, तिनेच कितीतरी झाडं ओढून पाडली होती. वेलीने झाडं एकमेकांना बांधलेली असतात, एक गेलं की शेजारचं सोबत जातं. वेल मात्र जमिनीवर पसरून जिवंत! तिला धुमारे फुटलेले.

बरोबर गावातले एक वाटाडे होते. म्हणाले, "सर, वाट हीच आहे. तुम्ही वर बघताय. खाली बघा." खाली पाहिलं. तोच कातळ, त्यातली तीच खाच, पावसाळ्यात पाणी जातं ती. मग एकदम, 'हीच ती!'

न्यायात याला प्रत्यभिज्ञा म्हणतात, 'हाच तो देवदत्त' हे तिचं ठरलेलं उदाहरण. नैयायिकांच्या मते ती प्रत्यक्षाचाच प्रकार; डोळे वर्तमान पाहतात, संस्कार मदत करतात. पण देवदत्तच उरला नसेल तर? कातळ ओळखता आला, सावली ओळखता आली नाही, कारण ओळखायला ती तिथे नव्हतीच. तिच्याबद्दल काही सांगू शकणारी आमच्याजवळची एकच गोष्ट म्हणजे आमची आठवण, आणि तिला तर आम्ही तीस वर्षं प्रमाणांच्या यादीबाहेर ठेवलेलं! अकलंकांसारखे जैन तार्किक स्मृतीलाही स्वतंत्र प्रमाण मानतात, परोक्ष असलं तरी. वर्गात आम्ही ते मत पाच मिनिटांत उरकत असू. आता वाटतं, घाई केली.

अर्थात साक्षीदार उलटतपासणीशिवाय सोडायचा नसतो. घरी येऊन जुने फोटो काढले. आमच्यापैकी तिघांना पक्कं आठवत होतं की पाणवठ्यापर्यंत सावली अखंड होती. १९९४च्या फोटोत मध्यावर चांगलं अंगणाएवढं ऊन! तिथे कधीतरी एखादं मोठं झाड पडलेलं असणार, आणि चांदाड्याची रोपं उजेड मिळताच वर आलेली. म्हणजे जंगल तेव्हाही पडत होतं, थोडंथोडं. आमच्या आठवणीने ती भोकं बुजवली होती. म्हणून आम्ही एक वही केली. प्रत्येकाने आपापलं आठवेल ते वेगळं लिहायचं, मग फोटोशी ताडायचं, न जुळेल ते खोडायचं नाही, शेजारी लिहायचं.

काहीजण विचारतात, पडलेली झाडं उचलून नवी का लावत नाहीत? एक तर १४ फेब्रुवारी २०००च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने अभयारण्यातली मेलेली वा वाऱ्याने पडलेली झाडं हलवायला बंदी केली. दुसरं, ओंडका कुजतो तेव्हा वाळवी, भुंगेरे, बुरशी आणि सुतारपक्षी यांचं घर त्यातच होतं. उखडलेल्या मुळांच्या खड्ड्यात पाणी साचतं, ढिगावर रोपं येतात. झाडं राहू द्यावीत असंच आमचं मत. पण आमच्या स्वयंपाकघरात गॅस आहे. ज्या घरात चूल पेटते तिथल्या बाईला एवढं लाकूड डोळ्यांसमोर कुजताना काय वाटत असेल, तेही याच प्रश्नात धरलं पाहिजे. उन्हाळ्यात वाळल्या लाकडाला वणव्याचं भय आहे, आणि मोकळ्या जागेत रानमोडी घुसते, ही काळजी वेगळीच.

१९९५ साली डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञांनी दाखवलं की प्रत्येक पिढी आपण पहिल्यांदा पाहिलेला समुद्र हाच मूळचा धरते, आणि घट त्यावरून मोजते. गेल्या हिवाळ्यात त्या वाटाड्यांचा सहा-सात वर्षांचा नातू बरोबर होता. आम्ही त्याला म्हटलं, "बाळा, इथे पूर्वी भर दुपारी अंधार असायचा." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजोबा, मग शेकरू दिसायचा कसा?"

दिसायचा नाही, ऐकू यायचा. हे वहीत लिहायचं राहूनच गेलं होतं. त्या संध्याकाळी लिहिलं.

पुढच्या वेळी विस्मरणाकडे वळू. 'तर्कसंग्रह' सोबत आणा.