नसांची तपासणी आणि कारागिराच्या खिशाचा हिशोब

आपला दुकानदार वहीत मालाची, उधारीची, भाड्याची आणि मजुरीची नोंद नेमाने ठेवतो. शिंपी कापड, दोरा आणि बटणांचा हिशोब सांगू शकतो. पण ज्या हातांवर हा सारा धंदा उभा आहे, त्या हातांच्या दुखण्याचा खर्च कोणत्याच वहीत सापडत नाही. म्हणूनच या आठवड्यात आम्ही या पानावर एका वेगळ्या 'दरा'ची चर्चा करीत आहोत. हा दर आहे नसांच्या व स्नायूंच्या तपासणीचा.

लाखांदूर आणि आसपासच्या गावांत शिवणकाम, गॅरेज, वेल्डिंग, सुतारकाम, केशकर्तन, मांसविक्री असे हाताचे धंदे करणारे आपले अनेक बांधव आहेत. रात्री हाताला मुंग्या येणे, सुई बोटांतून निसटणे, पाना घट्ट न धरता येणे अशा तक्रारी यांच्यात नेहमीच्याच. बहुतेक जण बाम चोळतात आणि पुन्हा कामाला लागतात. दुखणे वाढल्यावर डॉक्टर चिठ्ठीवर 'एनसीव्ही' किंवा 'ईएमजी' लिहून देतात आणि खर्चाच्या विचाराने घरात चिंता सुरू होते.

तपासणी म्हणजे काय?

या दोन वेगवेगळ्या तपासण्या आहेत. एनसीव्हीमध्ये त्वचेवर पट्ट्या लावून नसेला विजेचा सौम्य झटका देतात आणि संदेश किती वेगाने धावतो हे यंत्र मोजते. निरोगी माणसाच्या हातातील नसेत हा वेग साधारणपणे सेकंदाला ५० मीटरहून अधिक, तर पायात ४० मीटरहून अधिक असतो. नसेतील संदेशाचा वेग प्रथम १८५० च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या नसेवर मोजला होता. ईएमजीमध्ये बारीक सुई स्नायूत घालून त्यातील विजेची हालचाल पडद्यावर पाहतात. सुई थोडी दुखते, पण भिण्यासारखे काही नाही.

मनगटात दबलेली नस, मधुमेहाने बिघडलेल्या नसा, पाठीच्या मणक्यापाशी दबलेली नस यांचा उलगडा या तपासणीतून होतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गिलन बारे आजाराची साथ आली, तेव्हाही निदानासाठी याच तपासणीचा आधार घेतला गेला. कुष्ठरोगातही नसा बिघडतात. भंडारा, गडचिरोली या पट्ट्यात बधिर चट्टा दिसल्यास लाज न बाळगता सरकारी दवाखान्यात जावे. त्यावरील औषधे तेथे मोफत मिळतात.

खर्च कशाचा आणि किती?

खासगी केंद्रात या तपासणीस साधारणतः हजार-दीड हजारापासून पाच-सहा हजारांपर्यंत रुपये पडतात. एवढी तफावत असण्याचे कारण असे की, दर एका हाताचा, दोन्ही हातांचा की चारही हातापायांचा, यावर रक्कम ठरते. ईएमजीचे पैसे बहुधा वेगळे लावतात.

परंतु लाखांदूरच्या माणसाचा खरा खर्च एवढाच नाही. ही सोय सहसा मोठ्या शहरातच असते. नागपूर येथून शंभर किलोमीटरहून अधिक दूर. दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे, जेवण, डॉक्टरांची फी आणि बुडालेली दोन दिवसांची मजुरी धरली, तर पुष्कळदा वरचा खर्च तपासणीच्या बिलाइतकाच होतो. चुकीच्या दिवशी गेल्याने दुसरी खेप करावी लागली, तर तो दुप्पट होतो.

खर्च कसा आवरावा?

पहिली गोष्ट, डॉक्टरांना विचारावे की या तपासणीने उपचारात काय फरक पडणार आहे. रक्तातील साखर व बी-१२ यांची स्वस्त तपासणी आधी करून घेता येते का, हेही विचारावे.

दुसरी गोष्ट, फोन करून दिवस, वेळ आणि पूर्ण दर आधी पक्का करावा. अहवाल त्याच दिवशी मिळेल का आणि तो तज्ज्ञ डॉक्टर पाहतात का, हेही विचारावे. जाताना अंगाला तेल लावू नये. हृदयात पेसमेकर असल्यास किंवा रक्त पातळ करणारी गोळी सुरू असल्यास आधीच सांगावे.

तिसरी गोष्ट, बिल तपासावे. रोगनिदानाची सेवा जीएसटीतून मुक्त आहे. तपासणीच्या बिलात हा कर दिसला तर आपल्या व्यापारी बांधवांनी जाब विचारण्यास संकोच करू नये.

चौथी गोष्ट, सरकारी मार्ग आधी पाहावा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सेवा मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यात येत नाहीत, पण तेथील शुल्क खासगीपेक्षा बरेच कमी असते. रेशनकार्ड सोबत ठेवावे. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल रुग्णांच्या उपचारांसाठी आहे, म्हणून नुसत्या तपासणीसाठी तिच्यावर विसंबू नये. धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी १० टक्के व दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात, हेही आपल्या लोकांना ठाऊक असावे.

पाचवी गोष्ट, अहवालाचे सर्व कागद, आलेखांसह, जपून ठेवावेत. कागद हरवले म्हणजे तीच तपासणी पुन्हा पदरच्या पैशांनी करावी लागते.

जमातीचे काम

दबलेली नस वेळीच सुटली तर हात पूर्ववत होऊ शकतो. फार उशीर झाला आणि अंगठ्याच्या बुडाचा स्नायू वाळला, तर शस्त्रक्रियेनंतरही पूर्वीची ताकद परत येईलच असे नाही. म्हणजे दोन-तीन हजार वाचवताना कारागीर आपले सारे भांडवल गमावून बसतो. हा तोट्याचा सौदा आहे.

आपल्या वस्त्यांतून जकातीचा पैसा दरवर्षी निघतो. त्यातील काही भाग गरजू कारागिरांच्या औषधोपचारासाठी बाजूला ठेवता येईल. जो जकातीस पात्र नाही पण आज हातात रोकड नाही, त्याला कर्जे हसना, म्हणजे बिनव्याजी उसने देता येईल. तो हात बरा झाल्यावर तीच रक्कम फेडेल आणि मग दुसऱ्याच्या कामी येईल. मशिदीच्या विश्वस्तांनी आणि व्यापारी बांधवांनी येत्या जुम्याला एकत्र बसून याचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. इन्शाअल्लाह, एखाद्या शिंप्याचे यंत्र बंद पडण्यापासून वाचेल.