मैफल सहकुटुंब, मोजमाप मात्र मोठ्यांचे

गुढीपाडव्याच्या पहाटेच्या मैफली झाल्या, की महाराष्ट्रात उघड्यावरच्या उन्हाळी कार्यक्रमांना सुरुवात होते. गावोगावच्या जत्रा, रामनवमी, हनुमान जयंती, महाराष्ट्र दिनाचे गाण्यांचे कार्यक्रम, लग्नाच्या आदल्या रात्रीचे संगीत आणि शाळांना सुट्टी लागल्यावर मैदानांवर भरणारे महोत्सव. फलकावर ‘सहकुटुंब यावे’ असे लिहिलेले असते आणि कुटुंबे येतातही. आजीच्या मांडीवर सहा महिन्यांचे बाळ असते, बाबागाडीत दोन वर्षांचा मुलगा असतो आणि चार वर्षांची मुलगी बाबांच्या खांद्यावर बसून टाळ्या वाजवत असते.

हे चांगलेच आहे. घरातल्या सगळ्यांबरोबर प्रत्यक्ष गाणे ऐकण्याचा आनंद मोबाइलच्या पडद्यावर मिळत नाही. प्रश्न वेगळा आहे. कार्यक्रमाची वेळ, आवाजाची पातळी, बसण्याची जागा, पाण्याची सोय हे सारे मोठ्या माणसाचे शरीर डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेले असते. मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रतिकृती नव्हे. आवाज आणि उष्णता या दोन्ही बाबतीत त्याची सहन करण्याची मर्यादा आपल्यापेक्षा कमी असते, आणि ती ओलांडली गेली हे त्याला सांगता येत नाही.

कानाला पापणी नसते

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्याला कर्णशंख म्हणतात. त्यात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या लाटांनी त्या डोलतात आणि तो संदेश मज्जातंतूमार्फत मेंदूकडे जातो. आवाज फार मोठा किंवा फार वेळ असला, तर या पेशी थकतात, मग मोडतात. त्वचा नव्याने येते, हाड सांधते. पण माणसाच्या कानातली मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. जन्मताना मिळालेला साठा आयुष्यभर पुरवायचा असतो.

सुरुवातीला उंच पट्टीचे आवाज ऐकण्याची क्षमता जाते. मूल हाक मारल्यावर वळून पाहते, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. मात्र ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे बारीक ध्वनी त्याला नीट कळत नाहीत. नेमके याच वयात ते भाषा शिकत असते.

२००९ मध्ये बोस्टन येथील शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. मोठ्या आवाजानंतर श्रवणचाचणी पूर्ववत झाली, केसपेशीही शाबूत राहिल्या. पण त्यांना मज्जातंतूशी जोडणारे अनेक दुवे कायमचे तुटलेले होते. म्हणजे ‘दोन दिवस कान बधिर होते, मग ठीक झाले’ एवढ्यावरून नुकसान झालेच नाही असे म्हणता येत नाही.

‘एवढ्या ढोलताशात बाळ गाढ झोपले, त्याला काही त्रास नाही’ असे कौतुकाने सांगितले जाते. डोळे मिटले की प्रकाश अडतो. कान मात्र झोपेतही उघडा असतो आणि कर्णशंखावर आवाजाचा मारा तसाच चालू राहतो. थकलेले बाळ गोंगाटातही झोपी जाते. झोप लागली म्हणजे आवाज सुरक्षित आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही.

हिशेब मिनिटांचा

साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल असते. ध्वनिक्षेपकांच्या भिंतीजवळ आवाज १०० डेसिबलच्याही वर जाऊ शकतो. डेसिबलचे गणित नेहमीच्या बेरजेचे नाही. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजेच सुरक्षित वेळ निम्मी होते.

जागतिक आरोग्य संघटनेने हेडफोनसारख्या उपकरणांसाठी मर्यादा सुचवली आहे. मोठ्यांना ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, तर मुलांना ७५ डेसिबल ४० तास. कान तोच, त्यामुळे हाच हिशेब मैदानावर लावून पाहता येतो. मुलाचा आठवड्याचा वाटा ९० डेसिबलला सव्वा तासात संपतो, ९५ डेसिबलला २४ मिनिटांत आणि १०० डेसिबलला जेमतेम ८ मिनिटांत. तीन तासांच्या कार्यक्रमात पहिली दोन गाणी होईपर्यंत हा वाटा संपलेला असू शकतो.

अंतर वाढवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. मोकळ्या जागेत एका ध्वनिक्षेपकापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. १० मीटरवर १०० असेल, तर २० मीटरवर ९४ आणि ४० मीटरवर ८८. उंचावर टांगलेल्या मोठ्या ध्वनिक्षेपकांच्या रांगांचा आवाज इतक्या वेगाने कमी होत नाही, म्हणून तेथे आणखी मागे जावे. मुलाला खांद्यावर घेतले की त्याला रंगमंच छान दिसतो. पण गर्दीच्या डोक्यांवरून येणारा आवाज थेट त्याच्या कानावर पडतो. ध्वनिक्षेपकाच्या समोर तर असे उचलून घेऊच नये.

मोबाइलवरची डेसिबल मोजणारी अ‍ॅप अंदाजापुरती उपयोगी पडतात. त्याहून सोपी खूण म्हणजे हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर ती जागा मुलासाठी नाही.

कापसाचा बोळा की इअरमफ?

कानात कापूस घालण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्याने आवाज अगदी थोडा कमी होतो, आणि पालकांना मात्र खोटा धीर मिळतो. स्पंजचे छोटे इअरप्लगही तान्ह्या बाळांसाठी नाहीत. ते नीट बसत नाहीत, आणि मुलाने काढून तोंडात घातले तर घशात अडकतात.

लहान मुलांसाठी कानावर पूर्ण बसणारे, डोक्यावरून पट्टा असलेले इअरमफ योग्य. ब्रिटनमधल्या ग्लास्टनबरीसारख्या महोत्सवांत मुलांच्या डोक्यावर ते सर्रास दिसतात. पाकिटावर २०-२५ डेसिबल लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात संरक्षण कमी मिळते. केवळ १५ डेसिबल धरले, तरी ९५ डेसिबलचा आवाज कानाशी ८० होतो आणि २४ मिनिटांचा वाटा १२ तासांवर जातो. मात्र ढोल आणि बासचा जड आवाज इअरमफ फारसा अडवत नाहीत, त्यामुळे ते लावून ध्वनिक्षेपकाजवळ बसणे बरोबर नाही. गाणी ऐकण्याचा साधा हेडफोन म्हणजे इअरमफ नव्हे, हेही लक्षात ठेवावे. आदल्या दिवशी घरी खेळता खेळता मुलाला त्याची सवय करावी. मैदानावर पहिल्यांदाच लावला, तर ते तो भिरकावून देईल.

ऊन आणि दाटी

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर दुपारी झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. पारा चाळिशीच्या आत होता. दमट हवा, उघडे मैदान, लांबलेली वेळ आणि दाटी एकत्र आली, की तापमानाचा आकडा फसवा ठरतो, हा त्या दिवसाचा धडा आहे. गाण्याचा कार्यक्रम असला म्हणून उन्हाचे नियम बदलत नाहीत.

मुलांच्या बाबतीत हे अधिक लवकर घडते. वजनाच्या तुलनेत त्यांच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते, त्यामुळे तापलेल्या हवेतली उष्णता ती झपाट्याने शोषतात. त्यांना घामही कमी येतो. शिवाय हवामान खात्याचे तापमान सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर मोजलेले असते. बाबागाडीतले मूल त्याहून खाली, तापलेल्या जमिनीजवळ असते. गर्दीत उभे असलेले मूल मोठ्यांच्या कमरेच्या उंचीवर असते. तेथे वारा पोचत नाही. सूर्य मावळला तरी डांबर आणि काँक्रीट बराच वेळ उष्णता सोडत राहतात. कोकणात आणि मुंबईत दमटपणामुळे घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही.

बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून दुपट्टा किंवा टॉवेल टाकला जातो. त्याने आतली हवा कोंडते आणि गाडी तापते. त्याऐवजी छत्री धरावी आणि हवा खेळती ठेवावी. सैल, सुती कपडे आणि रुंद काठाची टोपी असावी. खिशातला कांदा ऊन अडवत नाही. मूल झोपले म्हणून त्याला उभ्या मोटारीत ठेवून ‘एक गाणे ऐकून येतो’ असे म्हणणे जीवघेणे ठरू शकते. काचा थोड्या उघड्या असल्या तरीही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी द्यायचे नाही, आईचे दूध अधिक वेळा पाजायचे. मोठ्या मुलांना तहानेची वाट न पाहता दर वीस-तीस मिनिटांनी काही घोट पाणी द्यावे. घरचे ताक, पन्हे, लिंबू सरबत उत्तम. मैदानाबाहेरचा बर्फाचा गोळा टाळावा. तो बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे कळायला मार्ग नसतो. क्षारसंजीवनीची मोठी पुडी जवळ ठेवावी आणि ती पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावी. ग्लासभर पाण्यात थोडी भुकटी टाकली, तर क्षारांचे प्रमाण चुकते.

मुलाची भाषा ओळखा

मूल कानांवर हात ठेवते, आईच्या छातीत तोंड लपवते, कारणाशिवाय किरकिर करते किंवा एकदम गप्प होते. या सगळ्याचा अर्थ ‘मला येथून न्या’ असा असू शकतो. घरी आल्यावर ते मोठ्याने बोलू लागले, टीव्हीचा आवाज वाढवू लागले किंवा ‘कानात शिट्टी वाजते’ म्हणाले, तर पुढचे काही दिवस शांततेत जाऊ द्यावेत. दोन दिवसांत फरक पडला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. बोलता न येणाऱ्या बाळाचीही श्रवणचाचणी होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांमार्फत ही सोय मोफत आहे.

उन्हाचा त्रास सुरू झाला की मूल मलूल होते, ओकारी येते, डोके दुखते, सहा तासांत लघवी होत नाही. अशा वेळी ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, थोडे थोडे पाणी द्यावे. अंग भाजत असेल आणि मूल बरळत असेल, झटके येत असतील किंवा हाकेला ओ देत नसेल, तर तो उष्माघात समजावा. १०८ ला फोन करावा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत वाट पाहत बसू नये. कपडे काढून सर्वांगावर पाणी ओतत राहावे, वारा घालावा. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये. तापाचे औषध येथे काम करत नाही.

जबाबदारी फक्त आईबापांची नाही

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार ध्वनिक्षेपकाचा आवाज सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ७५ डेसिबलपुढे जाता कामा नये, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा असतो. ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. पण हे मोजमाप हद्दीवरचे आहे. ते शेजाऱ्याचे रक्षण करते, आत रंगमंचासमोर बसलेल्या मुलाचे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी मानक दिले. कोणत्याही १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलपेक्षा जास्त नसावी, आवाज सतत मोजला जावा, श्रोत्यांना कानाचे संरक्षण मिळावे, विश्रांतीसाठी शांत जागा असावी, अशा त्यातल्या सूचना आहेत. लहान मुलांना १०० डेसिबलही फार आहेत हे वरच्या हिशेबात दिसलेच. म्हणून ‘सहकुटुंब’ लिहिणाऱ्या आयोजकांनी ध्वनिक्षेपकांपासून दूर, सावलीत, पाण्याजवळ कुटुंबांची जागा आखावी. स्तनपानासाठी आडोसा आणि प्रथमोपचाराचा कक्ष असावा. कार्यक्रम सायंकाळी पाचनंतर सुरू करावा. यातल्या कशालाही मोठा खर्च येत नाही.

पालकांनीही मुलाला घेऊन पूर्ण कार्यक्रम ऐकायचाच, असा हट्ट धरू नये. तासाभराची मैफल, मागची जागा, कानावर इअरमफ, पाण्याची बाटली आणि मुलाने मान टाकली की परत फिरण्याची तयारी, एवढे पुरते. गाणे त्याला पुढची सत्तर वर्षे ऐकायचे आहे.