खडकाजवळचा मासा आणि दोरीची ताकद

खोल समुद्रात तळाचे मासे गळाने धरायचे तर दोरी किती ताकदीची घ्यावी? काही वर्षांपूर्वी मालवणहून निघालेल्या एका बोटीवर आम्हाला हा प्रश्न फारच सोपा वाटला होता. पाणी सुमारे 60 मीटर खोल, तळाला खडक आणि खडकांच्या कपारींत गोबरा. (मुंबईकडे यालाच हेकरू म्हणतात.) आमचा हिशोब असा: मासा फार तर 8 किलोचा असेल, तेव्हा 15 किलोला तुटणारी, 0.6 मिलिमीटर व्यासाची तंगूस, म्हणजे एकपदरी नायलॉनची दोरी, भरपूर झाली. त्या दिवशी तीन मासे गळाला लागले आणि तिन्ही गेले. त्यातल्या पहिल्या दोन वेळी दोरी तुटलीसुद्धा नव्हती. मासा कपारीत शिरला आणि काही केल्या हलेना, इतकेच. तांडेलांची दोरी आमच्या दुप्पट जाड होती. एवढी जाड कशाला, याचा हिशोब आम्ही परतताना मांडला. त्यात शाळेतल्या भौतिकशास्त्राबाहेरचे काही नाही.

आधी वजनाचा गैरसमज दूर करू. गोबऱ्याच्या पोटात हवेने भरलेला वाताशय असतो. त्यामुळे पाण्यात त्याचे वजन दोरीला जवळजवळ जाणवतच नाही. दोरीला तोंड द्यायचे असते ते त्याच्या शेपटीच्या जोराला. वाळूच्या तळावर हा जोर जिरवता येतो. मासा पळाला की दोरी सोडायची, थांबला की ओढून घ्यायची. दमलेला मासा बारीक दोरीनेही वर येतो. खडकाजवळ ही सवलत नसते. गोबरा लांब पळणारा मासा नव्हे, पण पहिल्या हिसक्यात त्याचा जोर मोठा. कपार दोन-तीन मीटरवर असते. आत शिरला की तो कल्ल्यांवरची झाकणे फुगवून आणि पर पसरून स्वतःला पाचरीसारखा ठोकून घेतो. म्हणजे सगळा खेळ त्या दोन-तीन मीटरांचा.

आता दोरीचे ताणणे पाहू. नायलॉनचा यंगचा गुणांक सुमारे 2 गिगापास्कल धरू. मासा 5 किलो वजनाइतक्या, म्हणजे सुमारे 49 न्यूटन बलाने ओढतो आहे. 0.6 मिलिमीटर दोरीच्या छेदाचे क्षेत्रफळ 0.283 चौरस मिलिमीटर. बलाला क्षेत्रफळाने भागले की प्रतिबल येते सुमारे 173 मेगापास्कल, आणि त्याला गुणांकाने भागले की विकृती येते 8.7 टक्के. साठ मीटर दोरीत हे झाले सव्वापाच मीटर! आम्ही वर दोरी घट्ट धरून बसलो होतो आणि तिच्या नुसत्या ताणण्यावर मासा घरी पोचला होता.

व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होते. तोच ओढा, पण ताण आता जेमतेम 1.3 मीटर. तोडायला लागणारे बलही चौपट, सुमारे 60 किलो. पण आठ किलोच्या माशाला 60 किलोची दोरी घ्यायची ती मुख्यतः तिच्या ताठपणासाठी. बाजारात दोरीवर लिहिलेला असतो तो तुटण्याचा आकडा. ताठपणाचा आकडा कोणी लिहीत नाही, तो असा काढावा लागतो.

मग दोरी आणखी जाड का करू नये? दोरीला प्रवाहाचा रेटा साधारण तिच्या व्यासाच्या प्रमाणात लागतो. जाड दोरी प्रवाहात धनुष्यासारखी वाकते, शिसे जड लावावे लागते आणि माशाने आमिषाला तोंड लावलेले हाताला नीट कळत नाही. विणलेली पॉलिएथिलीनची दोरी इथे सरस ठरते. ती तितक्याच ताकदीला कितीतरी बारीक असते आणि जवळपास ताणतच नाही. मात्र खडकाच्या धारेवर तिचे बारीक धागे भराभर कापले जातात. म्हणून वरची लांबी विणलेल्या दोरीची आणि तळाशी काही मीटर जाड नायलॉन, अशी जोडी लावतात. जोडाची गाठ मात्र नीट हवी. साध्या गाठीने नायलॉनची ताकद निम्म्यावर येऊ शकते. शिवाय भिजलेले नायलॉन थोडे कमजोर होते ते वेगळेच.

आमच्या तिसऱ्या माशाची गोष्ट राहिली. त्या वेळी दोरी खडकाला अर्धा वळसा घालून गेली होती. धक्क्यावरच्या खुंटाला दोन वेढे दिले की एकटा माणूस बोट धरून ठेवतो, ते घर्षणामुळे. तेच घर्षण इथे उलटले. घर्षण गुणांक 0.3 धरला तर अर्ध्या वळशाला दोन्ही बाजूंच्या ताणांचे गुणोत्तर सुमारे 2.6 येते. आमची दोरी 15 किलोला तुटण्याच्या बेतात आली, तेव्हा माशापर्यंत सहा किलोसुद्धा ओढा पोचत नव्हता. त्यात खडकाने घासून आणखी घात केला.

जाड दोरीचा एक धोका सांगायलाच हवा. 60 किलोची दोरी तळाला अडकली तर ती हाताने तुटत नाही, आणि बोट मात्र वाहत असते. हाताला वेढा घेतलेला असेल तर बोटे कापली जातात. म्हणून दोरी हाताला कधी गुंडाळायची नाही आणि सुरी जवळ ठेवायची. शिसे बारीक, कमजोर दोऱ्याने बांधले तर आणखी बरे, कारण शिसे बहुधा आधी अडकते. मग तेवढा दोरा तुटतो आणि बाकीची दोरी परत येते. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर आंग्रिया बँकेचे बुडालेले पठार आहे, तिथे प्रवाळ आहेत. अशा ठिकाणी सुटलेली नायलॉनची दोरी वर्षानुवर्षे कुजत नाही आणि प्रवाळांना गुरफटून राहते.

वर्गात करून पाहायचे असेल तर पाच मीटर तंगूस जिन्याच्या कठड्याला बांधून खाली सोडावी आणि एकेक लिटर पाण्याच्या बाटल्या वाढवत ताण मोजावा. मग दुप्पट व्यासाच्या दोरीवर तेच करावे. बाटल्यांखाली कोणी उभे राहू नये.