चहाचें पान आणि दम्याची गोळी

दम्याच्या रोग्याला मध्यरात्रीं अंथरुणांत उठून बसलेला ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना श्वासाची किंमत निराळी सांगावयास नको. आपल्या छातींतील बारीक श्वासनलिकांभोंवतीं स्नायूंचें एक वेष्टन असतें. तें आवळलें, आंतील अस्तर सुजलें आणि कफ दाटला, म्हणजे हवेची वाट अरुंद होते व आंत घेतलेली हवा बाहेर टाकणें विशेष कठीण जातें. हें वेष्टन सैल करणाऱ्या एका जुन्या औषधाची माहिती आज आपणांस द्यावयाची आहे. त्याचें नांव थिओफायलिन.

नांवाची फोड करूं. 'थीआ' हें चहाच्या झाडाचें जुनें शास्त्रीय नांव. 'फिलॉन' म्हणजे ग्रीक भाषेंत पान. १८८८ सालीं आल्ब्रेख्त कोसेल या जर्मन शास्त्रज्ञानें चहाच्या पानांच्या अर्कांतून हें द्रव्य प्रथम वेगळें काढलें. १८९५ सालीं एमिल फिशर व लोरेंत्स आख यांनीं तें प्रयोगशाळेंत घडविलें, आणि १९०० सालीं विल्हेल्म ट्राउबे यांनीं तें तयार करण्याची अधिक सोयीची रीत दाखवून दिली. त्यानंतर औषधासाठीं चहाच्या पानांवर अवलंबून राहण्याचें कारण उरलें नाहीं.

रसायनशास्त्राच्या दृष्टीनें थिओफायलिन हें झँथिनच्या कुळांतलें. झँथिनच्या सांगाड्यांत नत्राचे ४ अणु असतात. त्यांपैकीं तिघांवर मिथिल नांवाचे लहान अणुगट बसविले, कीं होतें कॅफीन, म्हणजे चहा-कॉफींतील तरतरी आणणारें द्रव्य. दोनच गट बसविले तर, ते कोठें बसले त्याप्रमाणें, थिओफायलिन होतें किंवा कोकोंतील थिओब्रोमिन होतें. या दोहोंतही कर्बाचे ७, हायड्रोजनचे ८, नत्राचे ४ व प्राणवायूचे २ अणु असतात. फरक एवढाच कीं एका गटाची जागा बदललेली असते. वाक्यांतील शब्द तेच ठेवून क्रम बदलला असतां अर्थ पालटतो, तसाच हा प्रकार. श्वासनलिका सैल करण्याचा थिओफायलिनचा गुण थिओब्रोमिनमध्यें फारच सौम्य आहे.

या कुळाचा दम्याशीं असलेला संबंध वैद्यांच्या नजरेस पूर्वींच आला होता. हेन्री हाइड सॉल्टर या इंग्रज वैद्यानें, जो स्वतः दमेकरी होता, १८६० सालच्या आपल्या दम्यावरील ग्रंथांत कडक कॉफीची शिफारस केली आहे. थिओफायलिनचा मात्र आरंभीं, १९०२ च्या सुमारास, उपयोग झाला तो लघवी वाढविण्यासाठीं. तें दम्यावर गुणकारी असल्याचें १९२२ सालीं सॅम्सन हिर्श यांनीं जर्मनींत प्रसिद्ध केलें. हें द्रव्य पाण्यांत फार थोडें विरघळतें. त्याला एथिलीनडायअमीनची जोड देऊन १९०८ सालीं अमिनोफायलिन तयार झालें व टोंचून देण्याची सोय झाली. १९३७ सालापासून तीव्र दम्यांत तें शिरेंतून देण्याचा प्रघात पडला.

तें काम कसें करितें? स्नायूच्या पेशींत, सैल होण्याचा निरोप पोंचविणारा एक रासायनिक दूत असतो. त्याचा नाश करणाऱ्या किण्वाला थिओफायलिन अडवितें. दूत अधिक वेळ टिकतो आणि स्नायु ढिला पडतो. शिवाय अडेनोसीन नामक द्रव्याचा शरीरावरील परिणामही तें रोखतें. परंतु अडेनोसीन हृदय व मेंदु यांना शांत ठेवण्याचें कामही करीत असतें. तेव्हां छातीची वाट मोकळी करणारें हेंच औषध मात्रा वाढतांच धडधड, कंप व निद्रानाश उत्पन्न करितें.

आजच्या बोलण्याचा मुख्य मुद्दा हाच आहे. या औषधांत उपकार व अपकार यांमधील अंतर अतिशय थोडें आहे. रक्ताच्या एका मिलिलिटरांत त्याचें प्रमाण १० ते २० मायक्रोग्रॅम असावें असें पूर्वीं मानीत. अलीकडे ५ ते १५ पुरेसें समजतात. २० च्या वर गेलें कीं उलट्या, डोकेदुखी, हृदयाची अनियमित गति, आणि क्वचित् पूर्वसूचनेवांचून झटके, इतका अनर्थ होऊं शकतो. त्यांत भर अशी कीं एकच गोळी सर्वांना सारखी नसते. तिचा निचरा यकृत करितें. धूम्रपान न करणाऱ्या प्रौढाच्या रक्तांतील निम्में औषध जाण्यास सुमारें ८ तास लागतात. विडी ओढणाराच्या शरीरांतून तें पुष्कळच लवकर जातें, कारण धुरांतील द्रव्यांनीं यकृत चेतविलेलें असतें.

माझ्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं नातवाच्या हट्टापुढें चाळीस वर्षांची विडी एका दिवसांत सोडली. गोळी मात्र पूर्वींइतकीच चालू राहिली. आठवडा लोटतो न लोटतो तोंच मळमळ व धडधड सुरू झाली. घरच्यांनीं ठरविलें कीं हा विडी सुटल्याचाच त्रास. एक हितचिंतक तर पुन्हां विडी ओढण्याचा सल्ला देऊन गेले! सुदैवानें डॉक्टरांनीं रक्त तपासलें. धूर थांबल्यानें यकृत मंदावलें होतें व तीच मात्रा आतां जास्त ठरत होती. गोळी कमी होतांच गृहस्थ सावरले, आणि विडीही सुटली ती सुटलीच.

हाच प्रकार इतर औषधांनींही घडतो. एरिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन व सिमेटिडीन हीं थिओफायलिनचा निचरा रोखतात. उलट रिफॅम्पिसिन व फेनिटॉइन तो वाढवितात. यकृताचा विकार, हृदयाची दुर्बलता व वार्धक्य यांत मात्रा कमीच लागते.

दम्यांत आज पहिला मान श्वासावाटे घेण्याच्या औषधांचा आहे, आणि तो योग्यच आहे. त्यांतील स्टिरॉइड मुळांतली सूज उतरवितें. थिओफायलिन आतां मागच्या ओळींत बसलें आहे. तरीही स्वस्त व तोंडावाटे घेण्याजोगें असल्यामुळें तें घरोघरीं आढळतें. डेरिफायलिन नांवाच्या परिचित गोळींत एटोफायलिनबरोबर हेंच असतें. चहाच्या पेल्यांत मात्र तें केवळ नांवापुरतें असतें. चहानें औषधाचें काम होईल ही आशा व्यर्थ होय.

तेव्हां श्रोतेहो, घरांत कोणी ही गोळी घेत असेल तर इतकें अवश्य करावें. नवें औषध लिहून घेतांना डॉक्टरांस या गोळीचें नांव सांगावें. विडी-सिगरेट सोडली, तर त्याच आठवड्यांत तेंही कळवावें. धाप वाढली म्हणून आपल्या मनानें दुसरी गोळी घेऊं नये, आणि एकाची उरलेली गोळी दुसऱ्यास देऊं नये. शेजाऱ्याच्या छातीला मानवलेली मात्रा आपल्या यकृताला मानवेलच असें नाहीं.