मूडल प्रणालीतील स्वयंरचित माहिती-रकाने : रचना, दृश्यता व महाविद्यालयाची जबाबदारी

प्रस्तावना

ऑनलाइन अध्यापनासाठी महाविद्यालयांतून वापरल्या जाणाऱ्या मुक्तस्रोत प्रणालींमध्ये मूडलचे नाव सर्वपरिचित आहे. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुजियामास यांनी विकसित केलेल्या या प्रणालीची पहिली आवृत्ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्येक वापरकर्त्याचे एक माहितीपृष्ठ असते आणि त्यावर नाव, आडनाव, ई-मेल, शहर, देश असे काही रकाने मुळातच तयार असतात. आपल्याकडील कायम नोंदणी क्रमांक, तुकडी, ऐच्छिक विषय यांना मात्र त्यात त्या नावाची स्वतंत्र जागा नाही. ही उणीव २००७ मधील १.८ या आवृत्तीने दूर केली व प्रशासकाला आपल्या गरजेनुसार रकाने निर्माण करण्याची सोय दिली. प्रस्तुत लेखात या सोयीचे विवेचन करावयाचे आहे. तिचा तांत्रिक भाग अर्ध्या तासात आत्मसात होण्याजोगा आहे. खरा प्रश्न कोणते रकाने करावेत आणि ते कोणी पाहावेत, हा आहे. आणि तो बहुतेक ठिकाणी संगणक विभागाच्या मर्जीवर सोपविला जातो.

तयार रकान्यांचे प्राक्तन

तयार रकाने कसे कालबाह्य होतात याचे उदाहरण मूडलमध्येच सापडते. आरंभीच्या काळात आयसीक्यू, एआयएम, याहू, एमएसएन व स्काइप या संदेशसेवांसाठी माहितीपृष्ठावर स्वतंत्र रकाने होते. २०२१ मधील ३.११ या आवृत्तीत ते मूळ रचनेतून काढून स्वयंरचित रकान्यांच्या वर्गात टाकण्यात आले. एआयएम २०१७ मध्ये, याहू मेसेंजर २०१८ मध्ये, आयसीक्यू २०२४ मध्ये आणि स्काइप २०२५ मध्ये बंद पडले. सेवा बंद पडते, रकाना मात्र कोणीतरी हेतुपुरस्सर काढीपर्यंत तसाच राहतो. आपण आज निर्माण करणार असलेल्या रकान्यांनाही हा नियम लागू आहे.

रकान्याचा प्रकार

साइट ॲडमिनिस्ट्रेशनमधील युजर्स या विभागात ‘युजर प्रोफाइल फील्ड्स’ हे पान आढळते. तेथे प्रथम वर्ग व मग त्याखाली रकाना तयार करावयाचा असतो. एका ओळीचा मजकूर, विस्तृत मजकूर, पर्यायसूची, तारीख, होय-नाही अशी खूण हे त्याचे मुख्य प्रकार होत. प्रत्येक रकान्यास एक लघुनाम द्यावे लागते. ते रोमन अक्षरे, अंक व अधोरेषा यांतच असावे लागते आणि दुसऱ्या रकान्याशी जुळता कामा नये. दर्शनी नाव मात्र मराठीत देता येते व ते द्यावेच.

नोंदणी क्रमांकासाठी एका ओळीचा मजकूर हाच प्रकार योग्य. येथे एक सापळा आहे. विद्यार्थ्यांची यादी सामान्यतः एक्सेलमध्ये तयार होते आणि सीएसव्ही धारिकेच्या रूपाने मूडलमध्ये चढविली जाते. एक्सेल संख्येचे केवळ पहिले १५ अंक अचूक जतन करते. नोंदणी क्रमांक १६ अंकी असल्यास शेवटचा अंक शून्य होतो आणि लागोपाठच्या दहा-दहा विद्यार्थ्यांचे क्रमांक एकसारखे होऊन बसतात. आरंभी शून्य असल्यास तेही गळते. म्हणून तो स्तंभ आधी ‘टेक्स्ट’ स्वरूपाचा करून मगच क्रमांक भरावेत, आणि सीएसव्ही तयार झाल्यावर ती धारिका एक्सेलमध्ये पुन्हा उघडून जतन करण्याचा मोह टाळावा. ‘ही माहिती एकमेव असावी काय?’ या प्रश्नास होकार दिलेला असल्यास मूडल निदान पुनरावृत्ती तरी अडविते.

शाखा व तुकडी यांकरिता पर्यायसूची बरी. विद्यार्थ्यांना मोकळा रकाना दिल्यास ‘बी.ए.’, ‘बीए’, ‘कला’ अशी रूपे एकत्र नांदतात व यादीची गाळणी अशक्य होते. पर्यायसूचीत निवडलेल्या पर्यायाचा मजकूरच साठविला जातो. त्यामुळे वर्षाच्या मध्यात एखाद्या पर्यायाचे नाव बदलले, तर आधीच्या नोंदी जुन्या नावानेच राहतात आणि नव्या सूचीशी जुळत नाहीत.

नावाचा प्रश्न वेगळाच आहे. मूडलची मूळ कल्पना नाव व आडनाव अशी दुहेरी; मधले नाव ऐच्छिक. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत आईच्या नावाचाही समावेश करावयाचा आहे. प्रमाणपत्रावर पूर्ण नाव छापावयाचे असल्यास ‘गुणपत्रिकेवरील नाव’ असा एकच रकाना करावा. तुकडे जोडत बसू नये.

दृश्यता व बंधने

रकाना आवश्यक आहे काय, वापरकर्त्यास बदलता येईल काय, नोंदणीच्या वेळी दिसेल काय आणि कोणाला दिसेल, अशा प्रश्नांची उत्तरे मूडल मागते. आवश्यक ठरविलेला रकाना रिक्त असल्यास विद्यार्थी प्रवेश करताच माहितीपृष्ठावर अडकतो. उद्या परीक्षा असताना नवा आवश्यक रकाना निर्माण करणे म्हणजे संकटाला आमंत्रण. पाठ्यसामग्री विशिष्ट तुकडीपुरती खुली ठेवण्यासाठी रकान्याच्या मूल्याचा आधार घेता येतो. परंतु तो रकाना कुलूपबंद नसल्यास विद्यार्थी स्वतःच तुकडी बदलून आत शिरतो.

सर्वांत गंभीर प्रश्न दृश्यतेचा. रकाना केवळ प्रशासकास, प्रशासक व स्वतः विद्यार्थ्यास, किंवा सर्वांस दिसू शकतो. अलीकडील आवृत्त्यांत शिक्षकांपुरता मर्यादित असा चौथा पर्यायही आहे. ‘सर्वांस’ म्हणजे वर्गातील कोणीही सहाध्यायी नावावर टिचकी मारून ते पाहू शकतो. प्रवेश अर्ज समोर ठेवून त्यातील प्रत्येक रकाना मूडलवर उतरविण्याची प्रवृत्ती येथे घातक ठरते. जात प्रवर्ग ही माहिती शिष्यवृत्ती व आरक्षणासाठी कार्यालयास लागते. इतिहासाच्या किंवा रसायनशास्त्राच्या वर्गात तिचे प्रयोजन नाही. ती शिक्षकासही दिसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यार्थिनींचे भ्रमणध्वनी क्रमांक, पालकांचे उत्पन्न, दिव्यांगत्वाचा प्रकार यांविषयीही तेच. ‘नंतर उपयोगी पडेल’ हे कारण त्यासाठी पुरेसे नाही. दिव्यांग विद्यार्थ्यास परीक्षेत जादा वेळ द्यावयाचा असल्यास शिक्षकाला केवळ ‘जादा वेळ : होय’ एवढे कळणे पुरते.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमतीने घेतली जाणारी माहिती सांगितलेल्या हेतूसाठी आवश्यक तेवढीच असली पाहिजे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले व तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्यात १८ वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती बालक ठरते. कनिष्ठ महाविद्यालय चालविणाऱ्या संस्थांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. रकान्याच्या वर्णनात ही माहिती कशासाठी हवी, हे एका वाक्यात लिहिण्याची सोय मूडलमध्ये आहेच. असे वाक्य लिहिता येत नसेल, तर तो रकाना निर्माणच करू नये.

शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस रकान्यांची छाननी करावी. अनावश्यक रकाना वगळला की त्यात भरलेली सर्व वापरकर्त्यांची माहितीही नष्ट होते, म्हणून जे कार्यालयास जतन करावयाचे आहे ते आधी उतरवून घ्यावे. उत्तीर्ण होऊन गेलेल्या विद्यार्थ्यांची खाती निलंबित केल्याने त्यांची माहिती पुसली जात नाही. ती स्वतंत्रपणे काढावी लागते.