तबकडीचा कारभारी

गेल्या वर्षी याच वार्षिकांकासाठी लिहिलेल्या माझ्या लेखाची शेवटची दोन पाने एका क्षणात नाहीशी झाली. संगणकाने ती ‘जतन केली’ असा निर्वाळा दिला होता. पुढच्या काही सेकंदांत वीज गेली आणि पुन्हा येऊन पाहतो तो पाने गायब! यंत्र खोटे बोलले काय? या प्रश्नाच्या मागे लागता लागता मी, वाङ्मयाचा विद्यार्थी, ‘डिस्क ड्रायव्हर’ नावाच्या एका अबोल कारभाऱ्यापर्यंत येऊन पोहोचलो. वाचकांना त्याची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

उदाहरण मुद्दाम जुने घेतो, कारण त्यात सारे उघड दिसते. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा पाया घातला. तिची सहावी आवृत्ती १९७५ ची. ती पीडीपी-११ या संगणकावर चाले. ऑस्ट्रेलियातील प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७७ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी तिच्या गाभ्याची मूळ आज्ञावली छापून तिच्यावर भाष्य लिहिले. ते पुस्तकरूपाने उघडपणे प्रसिद्ध झाले १९९६ मध्ये. तोपर्यंत जगभरचे विद्यार्थी त्याच्या झेरॉक्स प्रतीच वाचत होते. त्यातला आरके-०५ या तबकडीचा ड्रायव्हर जेमतेम काही पानांचा आहे.

आपल्या ग्रंथालयाची खिडकी आठवा. आपण चिठ्ठीवर पुस्तकाचा क्रमांक लिहून देतो. ते कोणत्या कपाटात, कितव्या फळीवर, हे शिपायालाच ठाऊक. ड्रायव्हरचे पहिले काम हेच. वरची मंडळी त्याला फक्त ठोकळ्याचा क्रमांक सांगतात. ५१२ बाइटांचा एक ठोकळा, असे आरके-०५ वर ४८७२ ठोकळे मावत. एका वर्तुळाकार मार्गावर १२ ठोकळे आणि तबकडीला पृष्ठभाग दोन. समजा, १००० क्रमांकाचा ठोकळा हवा आहे. १००० ला १२ ने भागले की ८३ येतात, बाकी ४. ८३ ला २ ने भागले की ४१, बाकी १. म्हणजे शून्यापासून मोजता ४१ व्या वर्तुळावर, १ क्रमांकाच्या पृष्ठभागावर, ४ क्रमांकाचे घर! उद्या तबकडी बदलली तर हा हिशेब बदलेल, ड्रायव्हर बदलेल. पण चिठ्ठी देणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही.

दुसरे काम अधिक नाजूक, ते म्हणजे वाट पाहण्याचे. ही तबकडी मिनिटाला १५०० फेरे घेई, म्हणजे एका फेऱ्याला ४० सहस्रांश सेकंद. आपल्याला हा काळ नगण्य. परंतु तेवढ्यात संगणक हजारो आज्ञा पार पाडतो. तेव्हा ड्रायव्हर चिठ्ठी रांगेत लावतो, तबकडी मोकळी असेल तर तिला आज्ञा देतो आणि परततो. मागणी करणारा प्रोग्राम झोपी जातो, आणि संगणक दुसऱ्याचे काम हाती घेतो.

काम झाले की तबकडी जणू घंटा वाजवते. हिला ‘इंटरप्ट’ म्हणतात. मग ड्रायव्हरचा दुसरा अर्धा भाग जागा होतो. झोपलेल्याला उठवतो आणि रांगेतली पुढची चिठ्ठी उचलतो. यात एक गोम आहे. रांगेत चिठ्ठी खोचत असतानाच घंटा वाजली तर रांगच विस्कटायची! म्हणून तेवढ्या क्षणापुरते ड्रायव्हर त्या घंटेकडे कान बंद करून घेतो. वाचनात चूक झाली तरी तो लगेच हात टेकत नाही. आरके-०५ चा ड्रायव्हर आणखी १० वेळा प्रयत्न करी आणि मगच अपयश कळवी.

आता माझ्या दोन पानांकडे वळू. तबकडी मंद, म्हणून युनिक्स लिहिलेला मजकूर बरेचदा प्रथम स्मृतीतच ठेवते आणि सवडीने तबकडीवर पाठवते. त्या काळी एक छोटा प्रोग्राम दर ३० सेकंदांनी असा साचलेला मजकूर खाली धाडण्याची आठवण करून देई. आजच्या लिनक्ससारख्या प्रणालीतही तत्त्व तेच आहे. म्हणजे ‘जतन केले’ हे धर्मराजाच्या अर्धसत्यासारखे होते: मजकूर स्वीकारला होता, कोरला नव्हता. माझी चिठ्ठी कारभाऱ्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. त्याला बोल कसा लावावा? ‘आत्ताच्या आत्ता तबकडीवर उतरव’ असे सांगणारी ‘एफसिंक’ नावाची वेगळी आज्ञा आहे. लेखनाचा प्रोग्राम रचणाऱ्याने ती द्यायला हवी.

वेग हवा तर थोडी जोखीम आली, आणि खात्री हवी तर थांबणे आले. हा व्यवहार संगणकापुरताच आहे, असे मला वाटत नाही. असो. ती दोन पाने मी पुन्हा लिहिली. ती पहिल्यापेक्षा बरी उतरली, असे सरांचे मत पडले.