ओझर ते नागपूर : विमानात किती वेळ, घरापासून किती?

नाशिक : ओझर ते नागपूर हवाई अंतर साधारण ५५० किमी. छोटं एटीआर विमान ताशी ५०० किमीच्या आसपास उडतं. मग सव्वा तासात पोहोचायला हवं ना? पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टी गाठणं, वर चढणं, खाली उतरणं धरून दीड तास किंवा जास्तच लागतो.

कळवणकरांनी तर घरापासून हिशेब करावा. ओझरपर्यंत दीड-दोन तास, उड्डाणाआधी दोन तास, नागपुरात उतरून शहरात जायला तासभर. सहा तास झालेच! शिर्डीहून समृद्धीने नागपूर ५२० किमी. तिकडच्यांना गाडी फार मागे पडत नाही. परीक्षा, मुलाखत सकाळची असेल तर आदल्या दिवशीच निघा. विमानाला उशीर झाला तरी परीक्षा थांबत नाही.